बकलम कोणाचे?

परवाची गोष्ट. कार्यालयातून घरी पोचायला मला साडेसहा झाले. दार उघडेच होते आणि आमची बाय बाहेरच्या खोलीत, सकाळी नेसलेल्या साडीतच, पाय वर घेऊन बसली होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या महाविद्यालयात भाषा आणि संस्कृती या विषयावर दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद होती आणि तिने हौसेने स्वयंसेवक म्हणून नाव दिले होते. लोकगीतांवरचे एक सत्र तिला ऐकायचे होते. नाव देण्याचे खरे कारण तेच.

"कसे झाले सत्र?" मी विचारले.

"कुठलं सत्र, बाबा? सकाळी दोन तास आम्हा मुलींना साड्या नेसवून दारात गुलाबाची फुलं घेऊन उभं केलं. मग पिशव्या वाटल्या. लोकगीतांचं सत्र चालू होतं तेव्हा मी जेवणाची कुपनं मोजत होते. उद्या मी जायची नाही."

बाप ज्या सवयीने बोलतो त्याच सवयीने मी म्हणालो, "अगं, ती सेवा आहे. मोठी माणसे आपल्याकडे येतात, त्यांचे करायला नको?"

ती म्हणाली, "करीन की. पण तुम्हीही केली होती ना सेवा? मग त्या परिषदेच्या पुस्तकात तुमचं नाव कुठे आहे?"

हिने आतून चहा आणला म्हणून विषय तिथे थांबला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर द्यायचे म्हणून हा लेख. उत्तर तिच्या बाजूचे आहे की माझ्या, हे शेवटी तुम्हीच ठरवा.

ती म्हणते ती परिषद २००० सालच्या जानेवारीतली. मी इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या महाविद्यालयात गोव्याच्या इतिहासावर दोन दिवसांचा परिसंवाद भरला. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. पुढे थोडी तक्रारही करायची आहे.

परिसंवाद म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, समई आणि शाल-श्रीफळ येते. आमचा परिसंवाद मात्र त्याच्या तीन आठवडे आधी सुरू झाला. रोज संध्याकाळी दोघेजण एस.टी.डी. बूथवर जाऊन पाहुण्यांना दूरध्वनी करायचे. कोण येणार, कोणत्या गाडीने, एकटे की कुटुंबासह. पैसे सरांनी दिलेले, त्यामुळे मीटरकडे बघत बघत बोलायचे. कापडी फलक रंगवून घेणे, वर्गातली बाके गच्चीवर नेणे, मंडपवाल्याकडच्या खुर्च्या उतरवून घेणे, पिशवीत फाइल, कोरे कागद, पेन आणि कार्यक्रमपत्रिका भरणे. ओव्हरहेड प्रोजेक्टर दुसऱ्या संस्थेकडून मागून आणला होता. त्याचा दिवा गेला तर दुसरा मिळणार नव्हता, म्हणून एक मुलगा दोन दिवस केवळ त्या दिव्याची राखण करीत होता.

जेवणाची कुपने दोन रंगांची होती. हिरवे शाकाहारी, पिवळे मासळीचे. वरून आलेल्या काही पाहुण्यांनी सकाळी मोठ्या निश्चयाने हिरवे कुपन घेतले आणि बाराच्या सुमारास हुमणाचा वास मंडपात पोचल्यावर हळूच येऊन बदलून मागितले. शेवटी पिवळी कुपने संपली आणि आम्ही स्वयंसेवकांनी आपली देऊन टाकली. त्या दिवशी आम्ही डाळ-भात जेवलो. इतिहासात याची नोंद नाही.

माझे काम नोंदणीच्या टेबलावर होते. अक्षर बरे म्हणून बिल्ल्यांवर नावे लिहायची. काम क्षुल्लक वाटते. पण गोव्यात नाव लिहिणे हे क्षुल्लक काम कधीच नव्हते. पोर्तुगीज नोंदवहीत आमच्या आडनावांनी वेगळेच रूप घेतले. शेणवीचे सिनाय झाले, कामतांचे कामोतीं झाले, भटांचे बोतो झाले. पोर्तुगीज गेले, पण कागदावरची ही रूपे राहिली, आणि आजही माणूस घरी एक आडनाव सांगतो व दाखल्यावर दुसरे दाखवतो.

सकाळी एक वयस्क गृहस्थ टेबलाशी आले. यादीत त्यांचे आडनाव रोमी अक्षरांत 'पोरोबो' असे होते. मी शहाणपणाने बिल्ल्यावर देवनागरीत 'परब' लिहून ठेवले होते. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा वर करून वाचला आणि परत टेबलावर ठेवला. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाबा, आमी परब न्हय, प्रभू." मी ओशाळून दुसरा बिल्ला लिहिला. त्यांनी तो लावला आणि पहिला खिशात टाकला. का टाकला ते मला तेव्हा कळले नाही. आता कळते. चुकीचे नाव माणूस दुसऱ्याच्या हातात ठेवत नाही.

आता थोडे मागे जाऊ.

परिषद भरवायची आणि तिची उठबस विद्यार्थ्यांनी करायची ही पद्धत आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षांची आहे. तिचे सर्वांत जिवंत वर्णन विद्वत्परिषदेचे नाही, राजकीय परिषदेचे आहे, आणि ते खुद्द गांधीजींनी लिहिले आहे. १९०१ सालच्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेस भरली. अध्यक्ष दिनशा वाच्छा. दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधी तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नव्हते. स्वयंसेवकांनी त्यांना रिपन कॉलेजात उतरवले. लोकमान्य टिळकही त्याच इमारतीत उतरले होते आणि त्यांच्याभोवती दरबार भरलेला असे. म्हणजे जागा कॉलेजची, पाहुणे देशभरचे आणि राबणारी मुले शहरातली. आजच्या आमच्या परिषदेचाच आराखडा.

त्या स्वयंसेवकांविषयी गांधीजींचे मत चांगले नव्हते. एकाला काम सांगावे तर तो दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला, आणि काम तिथेच राही. शौचकूपांची घाण पाहून त्यांनी विचारले तर हे आमचे काम नव्हे, असे उत्तर मिळाले. त्यांनी झाडू मागून घेतला आणि स्वतःपुरती जागा साफ केली. नंतर ते काँग्रेसच्या कचेरीत गेले आणि काही काम द्या म्हणाले. घोषालबाबूंनी पत्रांचा ढीग पुढे केला. बॅरिस्टर गांधींनी कारकुनी केली, आणि घोषालबाबूंच्या सदऱ्याच्या गुंड्याही लावून दिल्या. आत्मकथेत त्यांनी या प्रकरणाला कारकून आणि सेवक अशाच अर्थाचे नाव दिले आहे. मी कारकून असल्यामुळे हे प्रकरण मला विशेष प्रिय आहे, हे कबूल करतो.

पण त्या प्रकरणातली एक बाजू आपण विसरतो. गांधीजींनी मुलांना केवळ दोष दिला नाही. काँग्रेस वर्षातून तीन दिवस भरे आणि मग झोपी जाई. तीन दिवसांच्या तमाशात मुलांना कोणते शिक्षण मिळणार, असा त्यांचा रोख होता. म्हणजे स्वयंसेवक कच्चा असेल तर त्याचे उत्तर यजमानाने द्यायचे आहे. शंभर वर्षांपूर्वीचे हे निदान आजही तंतोतंत लागू आहे.

त्यावर इलाज काढला तो आमच्या शेजारच्या कर्नाटकातल्या माणसाने. हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ साली काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्तानी सेवा दल उभे केले. स्वयंसेवकांना आधी शिक्षण आणि मग काम, असा त्यांचा क्रम होता. पुढच्याच वर्षी बेळगावला काँग्रेस भरली. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात या एकाच अधिवेशनाचे. टिळकवाडीच्या परिसरात उभारलेल्या त्या नगराला विजयनगर असे नाव दिले होते आणि सारी यजमानकी गंगाधरराव देशपांड्यांच्या खांद्यावर होती. पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून दाखवतात. तीन वर्षांपूर्वी एका लग्नाला बेळगावला गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून ती पाहून आलो. अधिवेशनातली भाषणे आठवणारा आता कोणी नाही. विहीर आहे.

काकीनाड्याचीच आणखी एक गोष्ट बायला मी त्याच रात्री सांगितली. तिथल्या खादी प्रदर्शनाच्या दारात चौदा वर्षांची एक मुलगी स्वयंसेविका म्हणून उभी होती. तिकिटाशिवाय कोणाला आत सोडायचे नाही, अशी तिला सूचना. जवाहरलाल नेहरू आले. त्यांच्याकडे तिकीट नव्हते. तिने त्यांना अडवले. व्यवस्थापक धावत आले आणि तिच्यावर रागावले. ती म्हणाली, मला सांगितले तेच मी करते आहे. तिकीट आणले गेले, मगच नेहरू आत गेले, आणि त्यांनी तिचे कौतुक केले. ती मुलगी म्हणजे दुर्गाबाई. पुढे संविधान सभेच्या सदस्य झाल्या, योजना आयोगावर गेल्या, आणि १९५३ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांशी विवाह करून दुर्गाबाई देशमुख झाल्या.

बाय म्हणाली, "बघा. ती पण दारातच उभी होती. पण तिला फुलं घेऊन नव्हतं उभं केलं."

मला उत्तर सुचले नाही. दारात उभे करणे आणि दार सोपवणे यांत अंतर आहे.

असो. राजकीय सभांतून घडलेली ही पद्धत विद्वानांच्या परिषदांनीही उचलली, असे मला वाटते. या परिषदांचा आरंभ पुण्याचा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली निघाले आणि दोनच वर्षांत, नोव्हेंबर १९१९ मध्ये, तिथे पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली. अध्यक्षपदी ब्याऐंशी वर्षांचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर. सोळा वर्षांनी, १९३५ साली, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पुण्यातच अखिल भारतीय अर्वाचीन इतिहास परिषद भरली. शफात अहमद खान अध्यक्ष होते आणि दत्तो वामन पोतदारांसारखे मंडळाचे कार्यकर्ते तिच्यामागे उभे होते. तीच पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस झाली. एका गावातल्या, वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाने बोलावलेल्या सभेतून देशातल्या इतिहासकारांची सर्वांत मोठी संघटना निघाली, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी जितकी लक्षात ठेवायला हवी तितकी ठेवलेली नाही.

आणि गोव्यात? आमच्याकडे कॅम्पस हीच वस्तू मुळात उशिरा आली. पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती, लिसेव १८५४ पासून. पण कला शाखेची पदवी घ्यायची तर मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड असे घाट चढावे लागत. आमच्या आजोबांच्या पिढीला परिषद म्हणजे साहित्य संमेलन. १९३० साली वामन मल्हार जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मडगावला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेही पोर्तुगीज अंमलात. मुक्तीनंतर १९६२ च्या जूनमध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये निघाली, आणि मग कुठे गोव्यातल्या मुलाला आपल्याच गावातल्या वर्गात बसून इतिहास शिकता आला. गोवा विद्यापीठ तर १९८५ चे.

एवढ्या थोड्या काळात गोव्याने केलेली यजमानकी मात्र मोठी आहे. भारत आणि पोर्तुगाल यांचे तुटलेले संबंध १९७४ च्या अखेरीस पुन्हा जुळले आणि चारच वर्षांनी, १९७८ साली, भारत-पोर्तुगाल इतिहासाचा पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद गोव्यात भरला. फादर जॉन कोरिया-अफोन्सो यांनी त्यातले निबंध संपादित केले. तिसरा परिसंवाद १९८३ साली पुन्हा गोव्यातच झाला. त्याचे निबंध पर्वरीच्या झेवियर सेंटरचे संस्थापक-संचालक तेओतोनिओ डिसोझा यांनी पुस्तकरूपाने आणले. आणि १९८७ साली, ज्या वर्षी गोवा घटक राज्य झाले त्याच वर्षी, इंडियन हिस्टरी काँग्रेसचे अठ्ठेचाळिसावे अधिवेशन गोव्यात भरले. यजमान गोवा विद्यापीठ. विद्यापीठाचे वय तेव्हा दोन वर्षे. दोन वर्षांच्या विद्यापीठाने देशभरचे शेकडो इतिहासकार बोलावायचे, त्यांना उतरवायचे, जेवू घालायचे, वेगवेगळ्या विभागांच्या बैठका एकाच वेळी चालवायच्या! ज्याने एक साधा परिसंवाद आतून पाहिला आहे त्यालाच यातले ओझे कळेल.

या सगळ्यांची कार्यवृत्ते छापली जातात. ती कपाटात असतात. निबंध कोणी वाचला, अध्यक्ष कोण होते, ठराव कोणते झाले, सारे मिळते. ओझे वाहणारे हात मात्र, फार झाले तर, प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत "आणि विद्यार्थी स्वयंसेवक" या तीन शब्दांत मावतात. इतिहासकार जगाला सांगत असतात की राजांच्या मागे रयत पाहा, किल्ल्यामागे गवंडी पाहा. आपल्याच मंडपात मात्र त्यांना खुर्च्या मांडणारे दिसत नाहीत.

आता माझ्या परिसंवादाकडे परत येतो. मलाही बायसारखेच एक सत्र ऐकायचे होते. ठाण्याहून आलेले एक वृद्ध संशोधक गोव्यातल्या जुन्या मराठी कागदपत्रांवर बोलणार होते. आमच्या घरी, डिचोली तालुक्यातल्या गावात, पणजोबांच्या पेटीत मोडीतले चार कागद होते. घरात कोणालाच वाचता येत नव्हते. त्यांतल्या एकाची झेरॉक्स काढून मी फाइलमध्ये ठेवली होती. व्याख्यानानंतर धीर करून दाखवीन, असा बेत.

व्याख्यान सुरू व्हायला पाच मिनिटे असताना सर आले. दुपारच्या सत्राचे एक पाहुणे कदंब स्थानकावर उतरले आहेत आणि त्यांना घेऊन ये म्हणाले. मी गेलो. पाहुणे सापडायला अर्धा तास लागला. ते स्थानकाबाहेर चहा पीत होते. परत आलो तेव्हा सभागृहातून टाळ्या ऐकू येत होत्या. व्याख्यान संपले होते. त्या टाळ्या मला अजून आठवतात.

मी तोंड पाडून बसलो असणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच संशोधकांना करमळी स्थानकावर सोडायचे काम माझ्यावर आले. सरांनी मुद्दाम दिले की माझाच नंबर लागला, हे मी कधी विचारले नाही. कोकण रेल्वे गोव्याला मुंबईशी जोडून दोन वर्षे झाली होती आणि लोक अजून स्टेशन पाहायला म्हणून येत. टॅक्सीने पोचलो. त्यांची बॅग बाकावर ठेवली. सूचना झाली की कोकणकन्या उशिरा आहे. ते म्हणाले, "तुम्ही जा, उशीर होईल." मी म्हणालो, "गाडीत बसवून या, असे सांगितले आहे." खरे म्हणजे तसे कोणी सांगितले नव्हते.

मग मी ती झेरॉक्स काढली.

त्या गृहस्थांनी फलाटावरच्या ट्यूबलाइटखाली दोन तास मला मोडी शिकवली. आधी ओळ आखतात आणि मग तिला अक्षरे टांगतात. बोरू शक्यतो उचलत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहू नका, मोडी तो भेद पाळीत नाही. 'राजश्री' पुरता लिहीत नाहीत, पहिले अक्षर लिहून पुढे दोन दंड देतात. सगळे एकदम वाचायला जाऊ नका. "आधी नावे शोधा," ते म्हणाले. "नावे लागली की कागद आपोआप उघडतो." पणजीच्या दप्तरखान्याविषयी, जो १५९५ सालापासून चालत आला आहे, ते फार जिव्हाळ्याने बोलले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे आयुष्य कसे घातले आणि 'पोर्तुगेज-मराठे संबंध' कसे उभे राहिले ते सांगितले. सभागृहात ते हे बोलले असतील-नसतील, पण बोलले असते तरी शंभर जणांकडे पाहून. इथे श्रोता मी एकटा.

कागद काही मोठा निघाला नाही. पणजोबांच्याही आधीच्या कोणी दोन खंडी भात उसने घेतले होते, त्याचा तो लेख. खाली चार साक्षीदारांची नावे. आणि अगदी शेवटी एक शब्द, ज्यावर त्यांनी बोट ठेवले.

"हा काय आहे, सांगा."

मी अक्षरे जुळवली. ब, क, ल, म.

"बकलम. म्हणजे कोणाच्या लेखणीने लिहिले ते. भात घेणारा वेगळा, देणारा वेगळा, साक्षीदार वेगळे. या माणसाचा व्यवहाराशी काही संबंध नाही. त्याने फक्त लिहिले. पण त्याचे नाव खाली आहे. कागद कोणाच्या हातून गेला ते कळलेच पाहिजे."

गाडी आली. त्यांना खिडकीजवळ बसवले. त्यांनी माझे नाव विचारले आणि आपल्या वहीत लिहून घेतले. दोन दिवसांत माझे नाव विचारणारे ते पहिले पाहुणे.

महिन्याभराने आम्हाला प्रमाणपत्रे मिळाली. माझ्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर चुकले होते आणि आडनावातले एक अक्षर गळाले होते. मी कचेरीत गेलो. दुरुस्त करून देतो म्हणाले. पुन्हा गेलो. कोरी प्रमाणपत्रे संपली आहेत म्हणाले. तिसऱ्यांदा गेलो नाही. ते प्रमाणपत्र अजून तसेच आहे, आणि त्यावर ज्याचे नाव आहे तो माणूस अस्तित्वात नाही. परिसंवादाचे पुस्तक पुढे निघाले. त्यात स्वयंसेवकांच्या वाट्याला तेच तीन शब्द आले.

मी इतिहासकार झालो नाही. एम.ए.ला नाव घालायचे होते, पण घरची परिस्थिती आणि कनिष्ठ लिपिकाची जाहिरात एकाच वेळी समोर आली. वीस वर्षांहून अधिक काळ सरकारी टेबलावर आहे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक नावाच्या दुरुस्तीसाठी येतात. शाळेच्या दाखल्यावर एक, जन्मनोंदीत दुसरे, जुन्या पोर्तुगीज नोंदीत तिसरे. सहकारी कधी कधी वैतागतात. मी वैतागत नाही. ज्याचे नाव चुकले आहे त्याला तिसरी खेप घालायला लावायची नाही, एवढा एक नियम मी पाळतो. तो मला सेवानियमावलीने शिकवलेला नाही. पोरोबो-प्रभूंच्या बिल्ल्याने आणि माझ्या प्रमाणपत्राने शिकवला. म्हणून सेवा फुकट गेली, असे मी म्हणणार नाही.

पण म्हणून बायचे चुकले, असेही आता म्हणवत नाही. माझ्या वाट्याला करमळीचा फलाट आला तो गाडी उशिरा आली म्हणून. वेळेवर आली असती तर? एका पिढीचे शिक्षण कोकणकन्येच्या उशिरावर सोडून चालणार नाही.

आता तर परिषदांची संख्या खूप वाढली आहे. नॅकच्या मूल्यांकनात परिषदा मोजल्या जातात, म्हणून परिषद भरवली जाते. स्वयंसेवकाला ई-प्रमाणपत्र मिळते, त्यावर नाव संगणक लिहितो. आद्याक्षर बहुधा चुकत नसेल. पण मुले अजून कुपनेच मोजतात आणि मुली अजून फुले घेऊन दारातच उभ्या असतात. माझ्या मते यजमानांनी तीन गोष्टी केल्या तरी पुरे. प्रत्येक स्वयंसेवकाला त्याच्या आवडीचे निदान एक सत्र बसून ऐकू द्यावे. पाळी लावली की ते सहज जमते. कामे मुलगा-मुलगी पाहून वाटू नयेत. दुर्गाबाईला दार सोपवले होते, तसे काहीतरी सोपवावे. आणि परिषदेचे पुस्तक निघेल तेव्हा शेवटच्या पानावर सगळ्या स्वयंसेवकांची नावे, बरोबर लिहिलेली, छापावी. एक पान लागते. सरकारी फाइलीची लोक कितीही थट्टा करोत, टिपण कोणी लिहिले त्याची सही आणि तारीख त्याखाली असतेच. ज्ञानाच्या कागदाला एवढाही नियम नसावा?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय गेली. साडी नेसली नाही, सलवार-कमीज घालून गेली. जाताना मी एवढेच सांगितले की एका सत्रापुरती सुट्टी मॅडमकडे तोंडाने माग, त्या देतील. मॅडमनी दिली. संध्याकाळी आली ती वही घेऊनच. दीड पान टिपणे होती. अक्षर घाईचे, पण वाचता येत होते.

वहीचे शेवटचे पान उघडून तिने मला दाखवले. त्यावर सव्वीस नावे होती, एकाखाली एक. तिच्याबरोबर राबणाऱ्या मुला-मुलींची. प्रत्येकाला विचारून, तो जसे लिहितो तसे लिहिलेले. ही यादी ती मॅडमना देणार आहे. पुस्तकात येईल की नाही, सांगता येत नाही.

यादीच्या खाली तिने स्वतःचे नाव लिहिले होते, आणि त्याच्या आधी एक शब्द. बकलम.